कोपऱ्यातल्या पेटीचा इतिहास : घरगुती संगणक-जाळ्याची उपकरणे कोणी निवडली?

#थ्रेड 🧵

दोन संगणक, एक प्रिंटर, तीन-चार मोबाइल. एवढ्या संसारासाठी घरात जाळे उभारायचे ठरवले की दुकानदार आपल्यापुढे तीन वस्तू ठेवतो : राऊटर, स्विच आणि केबलचे भेंडोळे. त्यांतला कोणता नमुना घ्यावा, हे आपण वेष्टनावरचे वेगाचे आकडे पाहून ठरवतो. पण याच तीन वस्तू आपल्यापर्यंत का पोहोचल्या आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारी कितीतरी उपकरणे कुठे लुप्त झाली, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे.

मुख्य प्रतिपादन आधीच मांडून ठेवणे बरे. घरात टिकलेली उपकरणे त्या-त्या काळातली सर्वांत वेगवान नव्हती, आणि अभियंत्यांच्या दृष्टीने सर्वांत नेटकीही नव्हती. एकाच्या चुकीचा भुर्दंड इतरांवर पडू न देणारी आणि उपलब्ध तारांशी जुळवून घेणारी उपकरणे टिकली. या सोयीबरोबर मात्र घराच्या दारात एक पहारेकरी येऊन बसला. त्याची किल्ली कोणाकडे असावी, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

प्रारंभ करू हवाई बेटांपासून. १९७१ साली नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात ‘अलोहानेट’ सुरू केले. बेटाबेटांवरच्या यंत्रांना मध्यवर्ती संगणकाशी बोलायचे होते आणि समुद्रातून तारा टाकणे परवडणारे नव्हते, म्हणून रेडिओलहरी वापरल्या गेल्या. सर्वांना वाहिनी एकच. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकाच वेळी बोलले तर संदेश एकमेकांवर आदळून नष्ट होतील. मग प्रत्येकाने थोडा यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. वरवर पाहता ही अनागोंदीच, पण ती चालली.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी हीच कल्पना तारेवर आणली. २२ मे १९७३ च्या त्यांच्या टिपणात ‘ईथर’ हा शब्द येतो. प्रकाशलहरी ज्या अदृश्य माध्यमातून वाहतात असे एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्र मानत असे, ते हे माध्यम. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात उतरलेल्या या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. पुढे १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिट वेगाच्या ईथरनेटचे विनिर्देश प्रसिद्ध केले. प्रमाण खुले असल्याने कोणालाही त्यानुसार कार्डे बनवता येत होती. पुढच्या स्पर्धेत या एका गोष्टीने मोठे काम केले.

परंतु त्या काळचे ईथरनेट घरात आणण्याजोगे नव्हते. बोटाएवढ्या जाडीची, बहुधा पिवळी केबल. एका तुकड्याची लांबी ५०० मीटरपर्यंत. आणि तिच्यावर दर अडीच मीटरला एक खूण. नवे यंत्र जोडायचे तर त्या खुणेवर केबलला भोक पाडून आतल्या तांब्याच्या गाभ्यापर्यंत सुई पोहोचवायची. या जोडणीला तंत्रज्ञांनी ‘व्हॅम्पायर टॅप’ असे नाव दिले होते, ते उगीच नव्हे. वाकवू म्हटले तर ही केबल सहजी वाकतही नसे. ती कार्यालयांच्या छतांतून आणि जमिनीखालून जाई; दिवाणखान्यात तिला स्थान नव्हते.

१९८० च्या दशकाच्या मध्यात बारीक केबल आली. दूरचित्रवाणीच्या केबलसारखी दिसणारी, फिरवून बसवायच्या गोल जोडण्यांची, प्रत्येक यंत्रामागे इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा एक धातूचा तुकडा असलेली. लांबीची मर्यादा १८५ मीटर, एका तुकड्यावर यंत्रे जास्तीत जास्त ३०. हब नको, स्विच नको. एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत केबल ओढत न्यायची आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणे बसवायची. खर्चाच्या दृष्टीने छोट्या जाळ्याला याहून स्वस्त उपाय त्या काळी क्वचितच होता. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात जगभरच्या छोट्या कार्यालयांत, महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आणि हौशी लोकांच्या घरांत हीच केबल दिसत असे.

तिचा दोष मात्र मुळातच होता. सर्व यंत्रे एकाच दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कोणी टेबल सरकवले, केर काढताना कोणाचा पाय अडकला, टोकाचे टोपण निरुपयोगी समजून कोणी काढून ठेवले, की संपूर्ण जाळे मूक. टोक उघडे राहिले तर विद्युतसंकेत तिथून परत फिरतो आणि येणाऱ्या संकेतांवर आदळतो. त्यामुळे तुटलेल्या जागेच्या अलीकडची यंत्रेही परस्परांशी बोलू शकत नाहीत. बिघाड कुठे आहे, हे शोधायचे तर टोपण हातात घेऊन एकेका यंत्रामागे वाकावे लागे. ज्याने चूक केली त्याला ती कळतही नसे आणि भोगत मात्र सगळे.

इथे जरा थांबून प्रतिस्पर्ध्यांकडे पाहू. विजेत्यांचाच इतिहास लिहिण्याची सवय तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार बोकाळलेली आहे.

आयबीएमने १९८५ मध्ये टोकन रिंग बाजारात आणली : वेग ४ मेगाबिट, पुढे १९८९ मध्ये १६. इथे टकरींचा प्रश्नच नाही. एक ‘टोकन’ यंत्रायंत्रांतून फिरत राहते. ज्याच्या हाती ते असेल त्यानेच बोलायचे. पंगतीत वाढप्या क्रमाने फिरावा तसे. गर्दी झाली तरी प्रत्येकाची पाळी कधी येणार याचा अंदाज बांधता येतो, म्हणून अनेक अभियंत्यांना ती ईथरनेटपेक्षा सरस वाटे. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पण कार्डे महाग, केबल जाड, आणि या बाजारावर एकाच कंपनीची छाया. चार यंत्रांच्या घरात पाळीची शिस्त कोणाला हवी होती? तिथे गर्दीच नव्हती.

डेटापॉइंट कंपनीचे ‘आर्कनेट’ तर १९७७ पासून होते. वेग २.५ मेगाबिट, किंमत माफक, स्वभाव सहनशील. मात्र प्रत्येक कार्डाचा क्रमांक त्यावरच्या आठ इवल्याशा खटक्यांनी हाताने ठरवावा लागे. दोघांनी चुकून तोच क्रमांक ठेवला की जाळ्यात गोंधळ. ईथरनेटच्या प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा जगावेगळा क्रमांक कारखान्यातच मिळत असे. वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसली तरी चाले. बाहेरून क्षुल्लक भासणारा हा फरक घराच्या दृष्टीने निर्णायक होता, असे माझे मत आहे. सामान्य माणसाला चूक करण्याची संधीच न देणारे उपकरण तो आनंदाने विकत घेतो.

ॲपलने १९८५ च्या सुमारास वेगळी वाट धरली. ‘लोकलटॉक’ची सोय मॅकिंटॉशमध्येच अंतर्भूत होती, वेगळे कार्ड घेण्याची गरज नव्हती. वेग अवघा २३०.४ किलोबिट. फॅरालॉन कंपनीने तर ‘फोननेट’ काढून ॲपलच्या केबलचीही गरज संपवली : साध्या टेलिफोनच्या तारेवर तेच जाळे चालू लागले. अमेरिकन घरांत फोनसाठी बहुधा चार तारा टाकलेल्या असत आणि त्यांतल्या दोनच वापरात असत. उरलेल्या जोडीवर घरातले संगणक बोलू लागले. भिंतीला नवे भोक न पाडता!

टेलिफोनच्या तारेचा हा धडा ईथरनेटवाल्यांनीही गिरवला. १९८७ मध्ये सिनऑप्टिक्स या कंपनीने पीळ दिलेल्या तारांच्या जोडीवर १० मेगाबिट चालवून दाखवले आणि १९९० मध्ये ते अधिकृत प्रमाण झाले. आज आपण वापरतो ती आठ पिनांची चौकोनी जोडणी, प्रत्येक केबलला १०० मीटरची मर्यादा आणि मधोमध एक पेटी, ही रचना तिथून रूढ झाली. दोरीच्या जागी तारकाकृती मांडणी आली. एकाची केबल उपटली गेली तर एकट्याचेच काम थांबते. शिवाय पेटीवरचा छोटा दिवा विझतो आणि दोषी केबल कोणती, हे लहान मूलही सांगू शकते. या दिव्याला इतिहासात योग्य ते स्थान मिळालेले नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

मधली पेटी प्रथम ‘हब’ होती. हब म्हणजे नुसता प्रतिध्वनी. एका दारातून आलेले बोलणे उरलेल्या सर्व दारांतून जसेच्या तसे बाहेर. म्हणजे तारा वेगळ्या दिसल्या तरी आतून सगळे अजून एकाच ईथरमध्ये. म्हणून हबमागे हब किती जोडावेत याचे कडक नियम होते : १० मेगाबिटच्या जाळ्यात कोणत्याही दोन यंत्रांच्या मध्ये चारांहून अधिक नकोत, आणि १९९५ मध्ये १०० मेगाबिटचे ‘फास्ट ईथरनेट’ आल्यावर तर दोनच. टक्कर झाल्याची बातमी ठरावीक वेळेत परत पोहोचली पाहिजे, हे या नियमांमागचे कारण.

१९९० मध्ये आलेल्या पहिल्या ईथरनेट स्विचने हे बंधन तोडले. कोणत्या दारामागे कोणते यंत्र आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि संदेश त्याच दारातून पाठवतो. सात दारांचा हा स्विच बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. होय, आपलीच कल्पना; संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढची काही वर्षे स्विच मोठ्या कार्यालयांपुरताच होता. छोट्या जाळ्यासाठी हब की स्विच, हा खरोखरच पैशांचा प्रश्न असे. नंतर स्विचच्या चिपा इतक्या स्वस्त झाल्या की हब बाजारातून गुपचूप नाहीसा झाला.

नव्वदच्या दशकात छोट्या जाळ्यासाठी कार्ड निवडणाऱ्याचा खरा सोबती होता ‘एनई २०००’. नॉव्हेल कंपनीला आपले सॉफ्टवेअर खपवायचे होते, त्यासाठी स्वस्त कार्डे हवी होती. म्हणून तिने हा साधा नमुना काढला. नॅशनल सेमिकंडक्टरच्या चिपभोवती बेतलेल्या त्या नमुन्याच्या असंख्य नकला निघाल्या. अस्सल महाग, नक्कल स्वस्त, आणि दोन्ही एकाच ड्रायव्हरवर चालत. आता त्यातली मेख पाहा : कार्डाचा ठरलेला ‘इंटरप्ट’ क्रमांक ३ असे, आणि संगणकाचे दुसरे सिरिअल पोर्टही तोच क्रमांक वापरे. तिथे मोडेम किंवा माउस असला की दोघांचे भांडण. मग संगणक उघडायचा, इवलासा जंपर चिमट्याने काढून दुसरीकडे लावायचा. विंडोज ९५ आणि पीसीआय कार्डे रूढ होईपर्यंत घरगुती जाळ्याचा मालक हा अर्धा तंत्रज्ञ असणे भागच होते.

एवढा खटाटोप करणारे हौशी लोक कशासाठी करत? प्रिंटर सामायिक वापरण्यासाठी, हे वडीलधाऱ्यांना द्यायचे उत्तर. खरे उत्तर बहुधा खेळ. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ चार जणांना एकाच जाळ्यावर खेळता येई. त्याच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक खेळाडूची हालचाल जाळ्यावरच्या सगळ्याच यंत्रांना पाठवली जात असे. त्यामुळे कार्यालयांची जाळी तुंबली आणि अनेक ठिकाणी खेळावर बंदी आली. घरात स्वतःचे जाळे टाकण्याला याहून सबळ कारण कोणते असणार!

भारतात ही कथा वेगळ्या वळणाने गेली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना या व्यवसायाची परवानगी मिळाली. अमेरिकन घरातली फोनच्या तारेची रिकामी जोडी इथे गृहीत धरता येत नव्हती. फोन येण्यासाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षा केलेला हा देश. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दुसरी एक तार घरोघर पोहोचली होती : केबलवाल्याची. २००० नंतर अनेक केबलवाल्यांनी आपल्या ओळखीच्या गच्च्यांवरून ईथरनेटची केबल टाकली, जिन्यात किंवा मीटरपेटीजवळ स्विच बसवला आणि घरोघर इंटरनेट दिले. १०० मीटरच्या नियमाने इथे इमारतींची निवड ठरवली. अंतर वाढले की मधल्या गच्चीवर आणखी एक स्विच. तांब्याची केबल उघड्यावर असल्याने पावसाळ्यात कडकडाट झाला की स्विचची दारे आणि घरातली कार्डे जळत. म्हणजे ईथरनेटची जी पेटी अमेरिकेत घराच्या आत गेली, ती आपल्याकडे बऱ्याचदा घराच्या बाहेर, सोसायटीच्या जिन्यात राहिली.

आता दाराकडे वळू. इंटरनेटचा प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. हे पुरणार नाहीत, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ध्यानात आले. मे १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी एक तात्पुरता उपाय सुचवला : आतल्या अनेक यंत्रांनी बाहेर एकाच पत्त्यामागे लपावे आणि दारावरच्या यंत्राने पत्ते बदलत राहावे. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापराचे पत्ते पक्के झाले. आपल्या राऊटरच्या पानावर दिसणारे १९२.१६८ त्यांतलेच. तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय तीन दशकांनंतरही घराघरात आहे. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला.

प्रारंभी हे काम संगणकच करत असे. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत इंटरनेट वाटून घेण्याची सोय होती. एका संगणकात दोन कार्डे बसवायची, एक बाहेर आणि एक घरात. पण तो संगणक बंद केला की सगळ्यांचे इंटरनेट बंद. पुन्हा तीच जुनी व्यथा, एकाच्या कृतीचा भार सर्वांवर! म्हणून पहारेकऱ्याला स्वतंत्र पेटी मिळाली. व्हिक्टर आणि जेनी त्साओ या दांपत्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराच्या गॅरेजमधून सुरू केलेल्या लिंक्सिस कंपनीने शतकाच्या वळणावर चार दारांचा घरगुती राऊटर लोकप्रिय केला.

या पेटीने एक छोटे बंडही केले. अनेक इंटरनेट कंपन्यांना दर संगणकामागे वेगळे पैसे हवे होते. त्यासाठी त्या ग्राहकाच्या कार्डाचा कारखान्यातला क्रमांक नोंदवून घेत. आपल्याकडे केबलवालेही हेच करत. कार्ड बदलले की त्यांना फोन करावा लागे. मग राऊटर बनवणाऱ्यांनी त्यात सोय केली : तुमच्या संगणकाचा क्रमांक राऊटरने स्वतःच्या नावे सांगावा. कंपनीला वाटे, आत एकच यंत्र आहे. आत चार असत.

बिनतारी जाळ्याची कहाणी सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १९८५ मध्ये अमेरिकन नियामकाने काही रेडिओपट्टे विनापरवाना खुले केले. १९९७ मध्ये २ मेगाबिटचे आणि १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे प्रमाण ठरले. जुलै १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर इंटरनेट चालू असलेल्या आयबुकभोवती एक मोठे कडे फिरवून ‘तार नाही’ हे सिद्ध केले. कार्ड ९९ डॉलर, तळयंत्र २९९. फोनच्या तारेवरचे ‘होमपीएनए’, विजेच्या तारेवरचे ‘होमप्लग’ आणि बिनतारी ‘होमआरएफ’ हे प्रतिस्पर्धी मागे पडले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरण्याची मुभा देणारी अधिसूचना जानेवारी २००५ ची आहे. आपल्या घरांतल्या वाय-फायचे वय मोजताना हे साल विसरू नये.

आणि अखेर किल्ली. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसने ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ हा निळा-काळा राऊटर आणला. २००३ मध्ये जिज्ञासू लोकांच्या लक्षात आले की याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सच्या परवान्यानुसार त्यावर आधारित वस्तू विकणाऱ्याने त्या भागाची संहिता ग्राहकाला दिली पाहिजे. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती. तगाद्यानंतर संहिता प्रसिद्ध करणे तिला भाग पडले. मग लोकांनी त्या स्वस्त पेटीला स्वतःचे सॉफ्टवेअर चढवले आणि २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प उभा राहिला. कंपनीने न दिलेल्या सोयी ग्राहक स्वतः घालू लागला. घरच्या दाराची किल्ली क्षणभर तरी घरमालकाच्या हाती आली होती.

२००५ मध्ये त्याच राऊटरची पाचवी आवृत्ती निघाली. बाहेरून तीच पेटी, तेच नाव. आत लिनक्सऐवजी दुसरी प्रणाली आणि निम्मी स्मृती : साठवणीची ४ ऐवजी २ मेगाबाइट, कामाची १६ ऐवजी ८. हौशी लोकांनी इतकी ओरड केली की कंपनीने जुना नमुना नावापुढे ‘एल’ लावून वेगळा विकायला काढला. जाणकार तेव्हा दुकानात पेटी उलटी करून तळाचा आवृत्ती क्रमांक वाचत आणि मगच पैसे देत.

आज फायबर जोडणीसोबत कंपनीच राऊटर देते. अनेकदा त्याचा मुख्य पासवर्ड ग्राहकाला सांगितला जात नाही. ज्यांनी स्वतःचा राऊटर घेतला आहे, त्यांनी एकदा त्याच्या मांडणीचे पान उघडून पाहावे. बहुतेक राऊटरमध्ये इंटरनेटच्या विभागात तळाशी कुठेतरी ‘मॅक क्लोन’ असा पर्याय अजूनही सापडेल. केबलवाल्याला एकच संगणक दाखवणारी हीच ती सोय.